अभिषेकाचं तेल, १०० मिली, ७५० रुपये: एक स्टार, तोही झाकणासाठी

आधी स्टारचं सांगते. एक दिलाय तो झाकणाला. फ्लिपटॉप आहे, घट्ट बसतं, पिशवीत बाटली आडवी पडली तरी थेंब सांडला नाही, मी टिफिन करते त्यामुळे गळणाऱ्या झाकणाने काय वाट लागते ते मला विचारा. बाकी सगळं खाली लिहिते, लांबलंय, पण साडेसातशे मोजलेत म्हणजे तेवढं बोलायचा हक्क आहे.

विकणाऱ्याचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक त्या माणसावरून भांडत बसतात आणि तेल राहतं बाजूला. मडगावच्या बाजूला एका हॉलात तीन दिवसांची चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा होती, तेल तिथलंच, एवढं पुरे.

आम्ही गेलो का, तर पोस्टर मराठीत होतं म्हणून. हसू नका. आम्ही मूळ नगरकडचे (आता अहिल्यानगर, तोंडात बसलं नाही अजून), बाबा पोर्टात कामाला लागले तसे वास्कोला आलो ते इथलेच झालो. गोव्यात मराठी ख्रिस्ती म्हटलं की माणूस दोनदा बघतो, ख्रिस्ती म्हणजे कोंकणी नाहीतर इंग्लिश, आणि मराठी म्हणजे देवळातली, आम्ही कुठल्याच खणात बसत नाही. खरं तर ह्याच गोव्यात राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण छापलं, मराठीत, ओव्यांमध्ये, इंग्लंडातून आलेला माणूस आणि मराठीचं कौतुक असं करतो की आपल्यालाच लाजल्यासारखं व्हावं. छापलं रोमन लिपीत, ते सोडा. तर सांगायचं काय, भिंतीवर मराठीत "येशू आज तुम्हाला बरं करील" असं मोठ्या अक्षरात दिसलं आणि आईने दोन दिवस तेच लावून धरलं. आईला शुगर आहे बारा वर्षं, गुडघे गेलेत, आणि आमच्या छोट्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पस्तीस-चाळीस माणसं, तिथे कधी असं मोठं काही होत नाही. तिला वाटलं जाऊया. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पाऊस नुकताच सुरू झालेला. कदंबाच्या बसने गेलो. दारातच एक मुलगी फॉर्म आणि निळं पेन घेऊन उभी, नाव, गाव, कोणासाठी प्रार्थना, कुठला आजार, किती वर्षं. मीच भरला आईच्या वतीने, उभ्या उभ्या, पर्सचा पाट करून. मुलीने तो घेतला आणि छान हसून आत पाठवलं.

गाणी चांगली होती, हे कबूल करते, कीबोर्डवाला पोरगा खरंच गुणी होता. मग मुख्य ब्रदर आले, पांढरा सूट, आणि तासाभराने डोळे मिटून म्हणाले, मला एक आई दिसतेय, वास्कोकडून आलीय, गुडघे दुखतायत, साखरेचा आत्मा तिला बारा वर्षं बांधून बसलाय. आई रडायलाच लागली. माझ्या अंगावर काटा आला. आणि आता हे लिहायला लाज वाटते पण लिहिते, पहिल्या रांगेतला मुलगा स्टेजच्या पायरीवर कागदांचा गठ्ठा ठेवून गेला होता ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बघितलं आणि तरीही काटा आला. दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला परतीच्या बसमध्ये वेर्णा यावं लागलं, "बारा वर्षं" हे मी निळ्या पेनाने लिहिलेलं होतं.

नंतर वाचलं की हा प्रकार जुनाच आहे. अमेरिकेत पीटर पोपॉफ म्हणून एक चंगाईवाले होते, लोकांची नावं, पत्ते, आजार स्टेजवरून घडाघडा सांगायचे. १९८६ मध्ये जेम्स रँडी नावाच्या जादूगाराने रेडिओ स्कॅनर लावून पकडलं, ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्यांची बायको प्रार्थनेच्या कार्डांवरची माहिती वाचून दाखवत होती आणि ह्यांच्या कानात छोटं यंत्र. टीव्हीवर सगळं दाखवलं, पुढच्या वर्षी माणसाचं दिवाळं निघालं. आणि मग? मग काही वर्षांनी तेच पुन्हा टीव्हीवर, ह्या वेळी चमत्काराचं पाणी घेऊन. आमच्याकडे स्कॅनर, फ्रिक्वेन्सी असलं काही लागलंच नाही बघा, एक गठ्ठा आणि एक पायरी, झालं काम.

आता प्रॉडक्टकडे येते.

हॉलच्या मागे काउंटर. मोठी बाटली ७५०, छोटी ३००, प्रार्थना केलेला रुमाल २००. क्यूआर कोड लॅमिनेट करून लावलेला. मी पैसे टाकले आणि सवयीने म्हटलं, पावती? काउंटरवरचा भाऊ म्हणाला, "सिस्टर, आशीर्वादाची पावती नसते." मागचे लोक हसले, मीही हसले, आणि बाटली पिशवीत टाकली.

घरी आल्यावर नीट बघितली. सोनेरी लेबल, कबुतर, जैतुनाची फांदी, खाली "मोशेला दिलेल्या कृतीप्रमाणे, निर्गम ३०:२५", म्हणजे बायबलातलं निर्गम नावाचं पुस्तक, अध्याय तीस, ओळ पंचवीस. एमआरपी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, मिलीसुद्धा छापलेले नाहीत, शंभर हे काउंटरवर तोंडी सांगितलेलं. मी पन्नास रुपयांची लिंबाच्या लोणच्याची बरणी विकते तर तिच्यावर एवढं सगळं छापून घ्यावं लागतं, आणि हे अंगाला लावायचं, आजाऱ्याला लावायचं, तर कोरं.

वास. मोशेच्या कृतीत काय आहे ते तिथे वजनासकट दिलंय, गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, वेखंड २५०, तज ५००, आणि एक हीन (हे तेव्हाचं माप) जैतुनाचं तेल. शेकेल धरा साधारण अकरा ग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा किलो मसाला आणि तेल जेमतेम काही लिटर. त्यात दालचिनी आणि तज मिळूनच आठ किलोच्या वर. मी रोज गरम मसाला भाजणारी बाई आहे, एवढी दालचिनी एखाद्या तेलात शिरली तर झाकण उघडायच्या आधी शेजारच्या बिल्डिंगला कळेल. ह्याला वास कसला, तर मोगरा, तोही लग्नात रिसेप्शनला पिचकारीने मारतात तो.

मग मी बाटली फ्रीजच्या दारात ठेवली. तासाभरात पांढरी घट्ट, मेणासारखी, उलटी केली तर हलेना. जैतुनाचं तेलही थंडीत गढूळ होतं, दाट होतं, पण असं पांढरं दगड होत नाही इतक्या लवकर, असं गोठतं ते खोबरेल. लॅबमध्ये दिलेलं नाही त्यामुळे शपथेवर सांगणार नाही, पण गोव्यात राहून खोबरेल ओळखता आलं नाही तर काय उपयोग. शेजारच्या कॅथलिक मावशींना दाखवली, त्यांनी बोट लावून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हें नाल्लेल गो बाय," म्हणजे खोबरेलच. आणि मग जरा थांबून, "आमचो पाद्री तेल लायता, पूण विकना." खरंच आहे ते, त्यांच्याकडे पवित्र आठवड्यात बिशप तेलं आशीर्वादित करतात, तिथून ती चर्चांना जातात, आजाऱ्याला फादर येऊन लावतात, कुठे काउंटर नसतो.

इथपर्यंत असतं तर मी हसून सोडलं असतं, महाग खोबरेल घेतलं म्हणून. पण सभेच्या तिसऱ्या दिवशी स्टेजवरून एक वाक्य आलं होतं, तुमचा विश्वास गोळीवर आहे की देवावर? गोळ्या बंद करा असं कोणी म्हणालं नाही हां, ते इतके कच्चे नाहीत. नुसतं विचारलं. आणि माझ्या आईने त्याचं उत्तर घरी येऊन मला न सांगता दिलं. अकरा दिवस. मी टिफिनच्या गडबडीत, गोळ्यांच्या डबीकडे बघितलंच नाही, सोमवार ते रविवार खणांची डबी असते ना ती, भरलेली तशीच होती आणि मला वाटलं तिनेच भरून ठेवलीय. बाराव्या दिवशी तिला गरगरायला लागलं, घरच्या मशीनवर उपाशीपोटी ३१२. एरवी १३०-१४० असते. आई म्हणते मशीन बिघडलंय. मग माझ्या बोटावर लावलं, ९४. तेव्हा गप्प बसली. डॉक्टरांनी काही बोल लावला नाही, गोळ्या परत सुरू केल्या, पाणी पी म्हणाले, पंधरा दिवसांत खाली आली. पण त्या रात्री मला जी भीती वाटली तिचे पैसे कुठल्या क्यूआरवर मागायचे?

कस्टमर केअर. पोस्टरवर नंबर होता, तीनदा फोन केला. पहिल्यांदा प्रार्थनेची विनंती आहे का विचारलं. दुसऱ्यांदा मी शुगरचं सांगितलं तर म्हणाले आईच्या मनात शंका आली असेल, तेल विश्वासाने काम करतं. म्हणजे बरं झालं तर तेलाने आणि नाही झालं तर आईच्या चुकीने, असली गॅरंटी मी आजवर कुठल्या मिक्सरला बघितली नाही. तिसऱ्यांदा मी निर्गमाचं विचारलं (ते खाली येतंय) तेव्हा आवाज बदलला, "सिस्टर, देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका असं वचन आहे, तुमच्या घरावर येईल."

हे वचन असे लोक फार वापरतात, म्हणून थोडं थांबते इथे. ते स्तोत्र १०५ मध्ये आहे, आणि तिथे विषय आहे अब्राहाम, इसहाक, याकोब हे परक्या मुलखात मूठभर माणसं घेऊन फिरत होते तेव्हा देवाने राजांना बजावलं की ह्यांना इजा करू नका. प्रवचन करणाऱ्याला प्रश्न विचारू नका असं त्यात कुठे आहे? दावीदाने शौल राजावर हात टाकला नाही, अभिषिक्त म्हणून, बरोबर, पण गुहेतून बाहेर येऊन त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून सगळ्यांसमोर ओरडून विचारलंच ना की माझा जीव घ्यायला का फिरतोस. हात लावला नाही, तोंड मात्र मिटलं नाही. मी तर फक्त पावती मागितली होती.

आता निर्गमाचं, आणि हे मी शोधलं नाही, आईने शोधलं. गोळ्या परत सुरू झाल्यावर चार दिवस ती माझ्याशी नीट बोलत नव्हती, मी तेलाला नावं ठेवली म्हणून राग. तिची एक सवय आहे, अध्याय उघडला की पुरा केल्याशिवाय शास्त्र (बायबल) मिटत नाही, वंशावळी असल्या तरी वाचते, भिंगाखाली बोट फिरवत. एका रात्री मला सिद्ध करून दाखवायला म्हणून तिने लेबलवरचं वचन काढलं, ३०:२५, मोठ्याने वाचलं, बघ म्हणाली, देवानेच सांगितलंय. आणि सवयीने पुढे वाचत गेली. सभामंडपाला लाव, कोशाला लाव, वेदीला लाव, अहरोन याजकाला आणि त्याच्या मुलांना लाव. मग आवाज हळू झाला. बत्तीस, हे तेल साध्या माणसाच्या अंगावर ओतायचं नाही, असलं दुसरं बनवायचं नाही. तेहतीस, जो कोणी असलं बनवील किंवा परक्याला लावील त्याचा आपल्या लोकांतून उच्छेद व्हावा.

पंखा फिरत होता तेवढाच आवाज. आईने बोट तेहतीसवर ठेवलं, भिंग सरकवलं, परत वाचलं. मग बाटली उचलून लेबल डोळ्यांजवळ नेलं. "पंचविसाला थांबलेत बघ मेले," म्हणाली. माझ्या आईच्या तोंडी मेले हा शब्द मी आयुष्यात दोनदा ऐकलाय.

सैतानाने मंदिराच्या शिखरावर येशूपुढे स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं होतं, ते सगळ्यांना माहीत असतं, पण तेही सोयीचं तेवढंच उचललेलं, आणि येशूने उत्तर दिलं ते शास्त्रातूनच, "असेही लिहिले आहे" म्हणून. माझ्या घरी ते "असेही" सात ओळी खाली होतं आणि ते सापडायला ग्रीक-हिब्रू काही लागलं नाही, फक्त पान पुढे वाचायला लागलं. बिरुया गावच्या लोकांचं बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत कौतुक केलंय ते ह्याच्यासाठी, प्रेषित पौल सांगतोय तेसुद्धा ते रोज शास्त्रात तपासून बघायचे. पौलाला कोणी म्हटलं नाही की ह्यांच्या घरावर येईल.

रविवारी आमच्या पाळकांना दाखवली बाटली. साधा माणूस, आठवडाभर नोकरी करून उपासना घेतो. ते म्हणाले तेलात पाप नाही ताई, याकोबाच्या पत्रात आहेच, कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे बघा, आजारी माणूस घरी, आणि वडील उठून त्याच्याकडे जातात. इथे उलटं, गुडघे गेलेली बाई दोन बस बदलून हॉलात, आणि तेल काउंटरवर. मग त्यांनी पौलाचा सोबती त्रफिम ह्याचं सांगितलं, मी कधी लक्षच दिलं नव्हतं, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारीच ठेवून आलो. पौल! ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं लिहिलंय (ते २०० रुपयांच्या रुमालाचं मूळ तिथे आहे, पौलाने किती घेतले ते लिहिलेलं नाही). मग कोणाचा विश्वास कमी पडला, पौलाचा की त्रफिमाचा? आणि लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, गोळीवर की देवावर असं त्याला विचारत बसला नाही.

अजून एक भारी गोष्ट त्यांच्याकडून कळली. दिदाखे म्हणून मंडळीचं अगदी सुरुवातीच्या काळातलं एक छोटं पुस्तक आहे, कित्येक शतकं गायबच होतं, १८७३ मध्ये हस्तलिखित सापडलं. त्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियम दिलेत, घरात घ्या, मान द्या, एक दिवस राहील, गरज असली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना वाटेपुरती भाकरी घेईल, पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. मला तर हसूच आलं, आमची सभा नेमकी तीन दिवसांची. पण त्यात पुढे असंही आहे की दुसऱ्या गरजवंतासाठी द्या म्हणाला तर त्याला दोष देऊ नका. हे मला आवडलं. कारण अर्पण मागणारा प्रत्येक जण चोर असं म्हणायला लागलं की मग आमच्या मंडळीचं छप्पर गळतंय त्याची पेटीही बंद करावी लागेल. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही, हिशोब वर्षातून एकदाच वाचतात आणि तोही घाईत, ह्या सगळ्यानंतर मी तिथेही हात वर केला, आता तीन महिन्यांनी वाचतात. कोणाला राग आला नाही. एकाला आला, पण तो कायमच रागात असतो.

शोमरोनातला जादूगार शिमोन प्रेषित पेत्रापुढे पैसे घेऊन आला होता, मलाही ही शक्ती द्या म्हणून, आणि पेत्राने त्याला जे सुनावलं ते वाचून बघा, तुझे पैसे तुझ्याबरोबर नष्ट होवोत. तिथे विकत घेणाऱ्याला बोलणी बसलीत. हे मला जरा लागलं, कारण क्यूआरसमोर फोन मी धरला होता.

कायद्याचं थोडक्यात, कोणाला पुढे जायचं असेल तर. जादूने आजार बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज म्हणतात तो, आणि त्याच्या यादीत डायबेटिस आहे. पाकिटावर एमआरपी, पत्ता, वजन नसणं हे वजनमापवाल्यांच्या २०११ च्या नियमांत बसत नाही. ग्राहकांची हेल्पलाइन १९१५. मी केला का फोन? केला, नोंद घेतली, पण पावती नाही म्हटल्यावर पुढे काय होईल ते होईल. यूपीआयचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा, तीच तुमची पावती.

थोडक्यात रेटिंग: झाकण पाच, वास दोन, लेबल शून्य, सर्व्हिस उणे. तळण्याला वापरता येत नाही, मोगरा उतरतो. दाराच्या बिजागऱ्यांना घातलं, पावसात करकरत होत्या त्या थांबल्या, म्हणजे आजार बरा झाला म्हणायला हरकत नाही.

परवा आईच्या फोनवर त्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज आला, नवीन बॅच आलाय, तीनवर एक फ्री, स्टॉक मर्यादित. आईला मराठी टाइप करायला वेळ लागतो, ती एका बोटाने जेवण होईपर्यंत बसली होती, मी विचारलं काय लिहितेस तर म्हणे तुझं काम कर. झोपायच्या आधी तिने मला दाखवलं. "जय ख्रिस्त. निर्गम ३०:३३ पण छापा." दोन निळ्या टिका, आणि त्याच्याखाली ग्रुपमधून काढल्याचं आलेलं. आईने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, आता हे गेलं म्हणजे तो कीबोर्डवाला पोरगा गाणी टाकायचा तीपण येणार नाहीत का?